झेलेझ्नींची सर्वांत मोठी फेक कोणती?

माळरान | ७ ऑगस्ट २०२५, दुपारी ३:४०

आज ७ ऑगस्ट. टोकियोत नीरजने ८७.५८ मीटर फेकून सुवर्ण आणलं त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून हा दिवस आपल्याकडे भालाफेक दिन म्हणून पाळतात. मी शाळेत खेळाचा शिक्षक आहे, त्यामुळे सकाळी मैदानावर पोरांना काहीतरी सांगायचंच होतं. नीरजबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, म्हणून यंदा त्याच्या गुरुजींबद्दल बोललो. चेक भालाफेकपटू यान झेलेझ्नी.

पहिलाच प्रश्न आला, "सर, त्यांचा रेकॉर्ड किती?" सांगितलं, ९८.४८. पोरं "बाप रे" म्हणाली आणि कबड्डीकडे पळाली. मला दिवसभर ते लागून राहिलंय. वीस वर्षं हा माणूस पहिल्या फळीत होता. सोल १९८८ ला रौप्य, मग बार्सिलोना, अटलांटा, सिडनी अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं. पुरुषांच्या भालाफेकीत तीन सुवर्णं दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. तीनदा जगज्जेता: १९९३ स्टुटगार्ट, १९९५ गोथेनबर्ग, २००१ एडमंटन. आणि हे सगळं आपण एका आकड्यात गुंडाळून टाकतो.

माझं उत्तर सांगतो. सिडनी, २००० सालची अंतिम फेरी. मी तेव्हा कॉलेजच्या होस्टेलवर, टीव्हीच्या खोलीत आम्ही चारच जण. ब्रिटनच्या स्टीव्ह बॅकलीने दुसऱ्या फेकीत ८९.८५ चा ऑलिंपिक विक्रम केला. त्याआधी दोन ऑलिंपिकमध्ये तो झेलेझ्नींच्या मागे राहिला होता, तेव्हा आम्हाला वाटलं, आज याचा दिवस. तिसऱ्या फेकीला झेलेझ्नी आले. धाव घेतली, भाला सोडला आणि स्वतः जवळजवळ जमिनीवरच आले. ९०.१७. फरक ३२ सेंटिमीटरचा, म्हणजे फुटपट्टी आणि वर एक बोट. समोरच्याने आयुष्यातली मोठी फेक केल्यावर लगेच त्याच्या वर जाणं, ही माझ्या लेखी त्यांची सर्वांत मोठी फेक.

तुमच्या मते कोणती? आणि का?

---

शंभरनंबरी | ७ ऑगस्ट, ४:०५

जर्मनीतलं येना, २५ मे १९९६. ९८.४८. यात विचारण्यासारखं काय आहे सर? एकोणतीस वर्षं झाली, कुणाला मोडता आला नाही. पोरांनी बरोबर प्रश्न विचारला होता!

---

कृष्णाकाठ | ७ ऑगस्ट, ४:३०

छान धागा. शंभरनंबरी, योहानेस फेटर २०२० साली पोलंडमध्ये ९७.७६ पर्यंत पोचला होता. ७२ सेंटिमीटर कमी पडले. एवढ्या जवळ दुसरं कुणी गेलेलं नाही. पण फेटरकडे ऑलिंपिक सुवर्ण नाही. म्हणजे लांब फेकणं आणि त्या दिवशी फेकणं यात फरक आहेच. माझं मत माळरानांना.

---

बंड्या_आगाशीवाले | ७ ऑगस्ट, ४:४१

९८ मीटर म्हणजे नक्की किती, कुणी क्रिकेटच्या भाषेत सांगा रे.

---

कृष्णाकाठ | ७ ऑगस्ट, ४:५२

एका सीमारेषेवरून भाला सोडला तर खेळपट्टी ओलांडून समोरच्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून जाईल. आणि वजन ८०० ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूच्या पाचपट.

---

बंड्या_आगाशीवाले | ७ ऑगस्ट, ४:५५

मग याला आपल्या गल्लीत फिल्डिंगला घ्यायला हवं होतं. एकही रन मिळाली नसती.

---

नीलकंठ६२ | ७ ऑगस्ट, रात्री ९:१०

बंड्या, गंमत म्हणून लिहिलंत, पण हे खरोखर घडलंय. अटलांटा ऑलिंपिकच्या सुमारास तिथल्या ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाने झेलेझ्नींना पिचर म्हणून आजमावून पाहिलं होतं. असा हात कुठल्याही खेळाला हवासा वाटणार.

आता मूळ प्रश्नाकडे येण्याआधी तरुण मंडळींसाठी जुन्या भाल्याची गोष्ट सांगतो, नाहीतर आकड्यांचा घोळ होतो. १९८४ च्या जुलैमध्ये पूर्व बर्लिनला उवे होनने १०४.८० मीटर फेकला. भाला मैदानात मावेना अशी वेळ आली. शिवाय जुना भाला तरंगत जाऊन आडवा पडायचा, टोक आधी टेकलं की नाही यावर पंचांशी वाद व्हायचे. मग १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला. टोक लवकर खाली वळायला लागलं, भाला रोवला जायला लागला आणि अंतरं धाडकन कमी झाली. नव्या भाल्याचा पहिला जागतिक विक्रम होता ८५.७४. दुसऱ्या वर्षी झेलेझ्नींनी ८७.६६ केला, तेव्हा त्यांना एकविसावं पूर्ण व्हायचं होतं.

पुढची गोष्ट अजून रंगतदार. १९९० च्या आसपास शेपटीकडचा भाग खरखरीत केलेले भाले आले. हंगेरीचा मिक्लोश नेमेथ, १९७६ चा ऑलिंपिक विजेता, तो हे भाले बनवायचा. मागचा भाग हवेला अडला की टोक उशिरा खाली वळतं, म्हणून भाला लांब जायचा. झेलेझ्नींनी ऑस्लोत ८९.६६ चा विक्रम केला, बॅकलीने तो मोडला, फिनलंडचा सेप्पो रॅटी तर ९६.९६ वर गेला. १९९१ मध्ये हे भाले बाद केले आणि त्यांच्यावरचे विक्रमही पुसून टाकले. झेलेझ्नींचे ८९.६६ गेले.

आणि दुसऱ्याच वर्षी बार्सिलोनात, साध्या भाल्याने, पहिल्याच फेकीत अंतर किती आलं? ८९.६६. तोच आकडा, सेंटिमीटरला सेंटिमीटर. रॅटी तीन मीटरहून जास्त मागे. माझं उत्तर बार्सिलोना.

---

शेवंता | ७ ऑगस्ट, ९:४०

नीलकंठकाका, अंगावर काटा आला. ही जुळवाजुळव माहीतच नव्हती.

---

शंभरनंबरी | ७ ऑगस्ट, ९:५८

काका, हे मान्य. पण मग होनला मोठं का म्हणायचं नाही? त्याने १०४ फेकला तेव्हा सगळ्यांकडे तोच जुना भाला होता ना?

---

नीलकंठ६२ | ७ ऑगस्ट, १०:२०

म्हणायलाच हवं. पण होनच्या वाट्याला ऑलिंपिक आलंच नाही. १९८४ ला पूर्व जर्मनी लॉस एंजेलिसला गेली नाही, आणि नंतर दुखापतीने त्याला लवकर थांबावं लागलं. मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटतं. आपल्या नीरजच्या आयुष्यात मात्र दोघेही आले. २०१८ च्या सुमारास होन त्याचे प्रशिक्षक होते, आणि २०२५ च्या मोसमासाठी झेलेझ्नी. जुन्या भाल्याचा विक्रमवीर आणि नव्या भाल्याचाही.

---

व्लतावाकाठ | ८ ऑगस्ट, रात्री १:१५

मी गेली काही वर्षं नोकरीनिमित्त प्राग शहरात आहे, म्हणून थोडी भर. चेक भाषेत 'झेलेझ्नी' म्हणजे लोखंडी. आमच्या ऑफिसातल्या एका चेक काकांना मी नीरजच्या नव्या प्रशिक्षकाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी मला हा शब्द फळ्यावर लिहून दाखवला, आणि खाली भाल्यासाठीचा त्यांचा शब्द, 'ओश्त्येप'.

झेलेझ्नींचा जन्म म्लादा बोलेस्लावचा, १९६६. श्कोडा गाड्यांचा कारखाना आहे ते गाव. आईवडील दोघेही भाला फेकणारे. एवढ्याशा देशात हा खेळ किती मुरलाय ते यावरून कळतं. डाना झातोप्कोवा यांनी १९५२ ला हेलसिंकीत भाल्याचं सुवर्ण जिंकलं, त्याच दिवशी नवऱ्याने, एमिल झातोपेकने, ५००० मीटर जिंकलं होतं. दोघं नवराबायको जन्मलेही एकाच दिवशी, १९ सप्टेंबर १९२२. आणि २००६ साली झेलेझ्नींनी निरोप घेतला तो म्लादा बोलेस्लावलाच, जिथे सुरुवात केली त्या गावात. तारीख होती १९ सप्टेंबर.

माझं मत त्या शेवटच्या वर्षाला. ऑगस्ट २००६, युरोपियन स्पर्धा, गोथेनबर्ग, वय चाळीस. ८५.९२ आणि कांस्य. पुढे होते थोरकिल्डसेन आणि पिटकामाकी, निम्म्या पिढीने लहान पोरं. दोन वर्षं आधी अथेन्स ऑलिंपिकला नववा नंबर आला होता. माणूस तेव्हाच घरी बसू शकला असता.

---

अडवाणी_नव्हे_आडवा | ८ ऑगस्ट, सकाळी ८:०२

मी थोडं उलट बोलतो. तुम्ही सगळे फक्त जिंकलेलं मोजताय. झेलेझ्नींना युरोपियन सुवर्ण एकदाही मिळालं नाही. बॅकलीने ते चारदा जिंकलं. १९९१ ला टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत तर ते अंतिम फेरीलाही पात्र ठरले नव्हते. "त्या दिवशी फेकतो तो" हे मोठं वाक्य वापरताना हेही धरा.

---

माळरान | ८ ऑगस्ट, ८:४५

आडवा, बरोबर पकडलंत, आणि मला ते आवडलं. टोकियोत ९१ ला बाहेर, आणि पुढच्याच वर्षी बार्सिलोनात पहिल्या फेकीत सामना संपवला. मला वाटतं हे दोन्ही एकत्रच सांगायला हवं. मी पोरांना फक्त जिंकलेलं सांगितलं, म्हणून ती पळाली असतील.

---

सोल_चे_सोळा | ८ ऑगस्ट, ९:३०

(माझं नाव बघा, उत्तर कळेलच.)

सोल १९८८. पात्रता फेरीत झेलेझ्नींनी ८५.९० फेकला, ऑलिंपिक विक्रम. अंतिम फेरीत ८४.१२. शेवटच्या फेरीपर्यंत सुवर्ण त्यांचं. मग फिनलंडच्या टापियो कोर्युसने अगदी शेवटच्या फेकीत ८४.२८ केला. १६ सेंटिमीटर. स्वतःच्या आदल्या दिवसाच्या फेकीपेक्षाही कमी अंतराला हरले.

माझ्या मते सर्वांत मोठी फेक ती हरलेली. बाविसाव्या वर्षी हे झाल्यावर पुढच्या तीन ऑलिंपिकमध्ये एकदाही कुणाला शेवटची संधी दिली नाही.

---

शेवंता | ८ ऑगस्ट, ९:४१

सोळा सेंटिमीटर म्हणजे माझी पसरलेली वीत. बापरे.

---

वैदर्भीय_आई | ८ ऑगस्ट, दुपारी २:२०

थोडं विषयांतर करते, राग मानू नका. माझी लेक तेरा वर्षांची, गेल्या वर्षीपासून भाला फेकते. हौस तिचीच, टीव्हीवर बघून लागलेली. तालुक्याला पहिली आली. पण दोन महिन्यांपासून कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणते. तिचे प्रशिक्षक रोज पन्नास फेका करवून घेतात, तेही ६०० ग्रॅमच्या भाल्याने, कारण त्यांच्याकडे तोच एक आहे. "दुखणारच, सवय होईल" म्हणतात. वेणी घालायला हात वर नेला की चेहरा वाकडा होतो तिचा. काय करावं?

---

सांधेजोड | ८ ऑगस्ट, ३:०५

ताई, मी फिजिओ आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आजपासून भाला बंद. कोपराची आतली बाजू म्हणजे फेकणाऱ्यांची सर्वांत नाजूक जागा. वाढत्या वयात तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं, तिथे दुखत असताना फेकत राहणं ही सवय नव्हे, इजा आहे. हाडांच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, इथल्या सल्ल्यावर थांबू नका.

दुसरं, ६०० ग्रॅम हा मोठ्या बायकांचा भाला. अठरा वर्षांखालच्या मुलींचा ५०० ग्रॅमचा असतो, तेरा वर्षांच्या मुलीला तर त्याहून हलकं काहीही चालेल. आणि रोज पन्नास पूर्ण ताकदीच्या फेका मोठे खेळाडूही करत नाहीत.

हे विषयांतर वाटत नाही मला, कारण झेलेझ्नींची फेक मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. उंची १.८५, वजन नव्वदीच्या आत, भालाफेकीतल्या दांडग्यांच्या मानाने सडपातळच. ताकद येते कुठून बघा: धावेतून. शेवटच्या पावलाला डावा पाय काठीसारखा सरळ रोवला जातो, अंग थांबतं, आणि धावेचा सगळा वेग कमरेतून, छातीतून खांद्यात चढतो. हात अगदी शेवटी येतो. तोपर्यंत तो मागेच, लांब, सैल. चाबकाचं टोक जसं शेवटी वाजतं तसं. म्हणून सोडल्यावर ते पुढे झेपावून पालथे पडायचे, वेग थांबवायला दुसरी जागाच उरत नाही. ज्याला पाय वापरता येत नाही तो हाताने ओढतो, कोपर बाजूला पडतं, आणि तिथेच दुखायला लागतं.

एवढं करूनही त्यांचा खांदा १९९८ ला गेलाच. कारकीर्द संपली असं बोललं जात होतं. १९९९ ला सेव्हियाला जागतिक कांस्य, २००० ला सिडनी, २००१ ला एडमंटनमध्ये ९२.८०. माळरानांच्या सिडनीच्या उत्तरात मी एवढंच जोडेन, ती दुखावलेल्या खांद्याची फेक होती.

---

वैदर्भीय_आई | ८ ऑगस्ट, ३:३०

मनापासून आभार दादा. उद्याच दाखवते. भाला माळ्यावर ठेवला आहे, ती रुसून बसली आहे.

---

निवृत्त_हवालदार | ८ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

ताई, रुसू द्या. आमच्या पलटणीत खांदा घालवून बसलेली चांगली पोरं बघितली आहेत.

आम्ही शाळेत बांबूचा भाला फेकायचो. मधोमध सुतळी गुंडाळलेली मूठ, पावसात भिजली की हात सोलून निघायचा. टोकाला लोहाराकडून ठोकून आणलेला पत्रा. तो भाला कधी सरळ गेला नाही, पण रोवला गेला की त्याचं थरथरणं बघायला सगळे पळायचो.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. झेलेझ्नी दुक्ला प्रागचे, म्हणजे तिथल्या लष्कराच्या क्लबचे. नीरज आपला राजपुताना रायफल्सचा, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या मैदानाची माती लागलेला. दोन फौजींची जोडी जमली याचा मला फार आनंद झाला होता.

---

वाचनमात्र | ८ ऑगस्ट, ७:४०

एरवी फक्त वाचतो. आज लिहायलाच हवं वाटलं. सुंदर धागा.

---

कानडा_मराठी | ९ ऑगस्ट, सकाळी १०:३०

मी आणि माझा भाऊ बेळगावहून ५ जुलैला बंगळूरला गेलो होतो, नीरज चोप्रा क्लासिक बघायला. कंठीरवा स्टेडियम. टीव्हीवर जे कळत नाही ते सांगतो. भाला हातातून सुटतो तेव्हा काठीसारखा ताठ नसतो, शेपटीपासून टोकापर्यंत लवलवतो. चांगली फेक असेल तर ते लवलवणं क्षणात निवतं आणि मग तो शांतपणे चढत जातो. वाईट असेल तर उतरेपर्यंत डुलतो. दोन-तीन फेका बघितल्या की अंतर जाहीर व्हायच्या आधीच आपल्याला कळायला लागतं. नीरज ८६.१८ ला जिंकला.

दुसरा आला केनियाचा ज्युलियस येगो. याची गोष्ट सांगतो, कारण ती झेलेझ्नींचीच गोष्ट आहे. येगोला गावाकडे भाल्याचा प्रशिक्षक नव्हता, म्हणून तो इंटरनेट कॅफेत बसून झेलेझ्नी आणि थोरकिल्डसेनचे व्हिडिओ बघून शिकला. २०१५ ला बीजिंगमध्ये ९२.७२ फेकून जगज्जेता झाला. झेलेझ्नींचा एडमंटनचा ९२.८० हा जागतिक स्पर्धेतला विक्रम, त्याला ८ सेंटिमीटर कमी. नीरजनेही लहानपणी त्यांचेच व्हिडिओ बघितले होते. तर माझं उत्तर: जी फेक कॅफेतल्या पडद्यावर येगोने पुन्हा पुन्हा बघितली, ती. मग ती कुठलीही असो.

---

शंभरनंबरी | ९ ऑगस्ट, ११:००

कानडा_मराठी, तुम्ही मला हलवलंत. पण आकड्याचंही ऐका. मे महिन्यात दोह्यात नीरज ९०.२३ वर गेला तेव्हा घरात आम्ही नाचलो. जर्मनीच्या वेबरने शेवटी ९१.०६ केला आणि नीरज दुसरा आला, तरी नाचलो. नव्वदीची ती रेघ इतकी वर्षं अडून बसली होती. आकडा खेळाडूलाही हवा असतो, फक्त आपल्याला नव्हे.

---

सांधेजोड | ९ ऑगस्ट, ११:२०

हे मला पटतं. आणि प्रशिक्षक म्हणून झेलेझ्नींची बाजू राहून गेली. टोकियो ऑलिंपिकला नीरजच्या मागे कोण होते आठवा. याकुब वाद्लेय्ख रौप्य, ८६.६७. वितेझ्स्लाव वेसेली कांस्य, ८५.४४. दोघेही झेलेझ्नींच्या हाताखालचे. आपल्या दोन्ही पोरांना हरवणारा मुलगा तीन वर्षांनी आपल्याकडे शिकायला येतो, आणि ते त्याला घेतात.

---

निवृत्त_हवालदार | ९ ऑगस्ट, ११:३५

ही खरी दिलदारी.

---

माळरान | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०

तुमचे प्रतिसाद वाचून मी काल पोरांना पुन्हा मैदानावर नेलं. या वेळी बोलण्याऐवजी टेप घेतली. लंगडीच्या चुन्याने रेघ आखली आणि तिथून मोजत निघालो. पोरांच्या हातात झेंडे, प्रत्येक झेंड्याला एक गाव.

सोल ८४.१२. त्याच्या पुढे सोळा सेंटिमीटरवर दुसरा झेंडा. एका पोराने दोन्हींच्या मध्ये बूट ठेवून पाहिला, मावला नाही. अटलांटा ८८.१६. बार्सिलोना ८९.६६. सिडनी ९०.१७. इथे मैदानाची भिंत आली, तिच्या आत जेमतेम दीड हात जागा. एडमंटन भिंतीपलीकडे, गटाराच्या काठावर. येनाचा झेंडा रोवायला आठवीतला एक मुलगा फाटकातून बाहेर गेला आणि रस्ता ओलांडून वडापावच्या गाडीशेजारी जाऊन उभा राहिला. भिंतीच्या आत उभ्या पोरांना तो दिसेना. मग सगळी भिंतीवर चढली आणि तिथून चुन्याच्या रेघेकडे बघत राहिली. बराच वेळ कुणी बोललं नाही. शंभरनंबरी, त्या वेळी तुमची फार आठवण झाली.

मग मत घेतलं. एकवीस पोरांपैकी बारा जणांनी सोल म्हटलं.

---

सोल_चे_सोळा | १३ ऑगस्ट, ६:२५

पोरांना माझ्याकडून वडापाव!

---

व्लतावाकाठ | १९ सप्टेंबर, दुपारी १:००

धागा वर आणते. काल टोकियोची जागतिक अंतिम फेरी झाली. नीरज आठवा, ८४.०३. पाठदुखी होती म्हणाला. आपला सचिन यादव ८६.२७ वर चौथा, कांस्य ४० सेंटिमीटरने हुकलं. सुवर्ण त्रिनिदादच्या केशॉर्न वॉल्कॉटला, ८८.१६. हा आकडा ओळखीचा वाटला म्हणून वर जाऊन बघितलं: झेलेझ्नींचा अटलांटाचा.

टोकियोतल्या याच जागी, जुन्या स्टेडियमवर, १९९१ ला झेलेझ्नी अंतिम फेरीच्या बाहेर राहिले होते. आडवा, तुमची आठवण झाली.

आणि आज १९ सप्टेंबर. म्लादा बोलेस्लावच्या निरोपाला एकोणीस वर्षं.

---

अडवाणी_नव्हे_आडवा | १९ सप्टेंबर, १:४०

काल रात्री मन लागलं नाही. पण तुम्ही लिहिलेलं वाचून ९२ सालचं बार्सिलोना आठवलं. माझं उत्तर दिलंच नव्हतं, आता देतो: बार्सिलोनाची पहिली फेक. नीलकंठकाकांच्या आकड्यासाठी नव्हे, टोकियोनंतर ती आली म्हणून.

---

वैदर्भीय_आई | १९ सप्टेंबर, ४:१५

सांधेजोड दादा, कळवायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली होती, ती पूर्ण झाली. आता वेणी स्वतः घालते. भाला अजून माळ्यावरच आहे, पण हलका चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावरून भिंतीवर फेकायला परवानगी मिळाली आहे. काल सामना संपल्यावर "नीरजदादाचीपण पाठ दुखत होती ना गं" म्हणाली आणि गुपचूप झोपली.

---

सांधेजोड | १९ सप्टेंबर, ४:३०

फार बरं वाटलं ताई. चेंडू आठवड्यातून तीनदाच, आणि पाय रोवायचा सराव रोज. हाताचं नंतर बघू.

---

माळरान | १९ सप्टेंबर, संध्याकाळी ५:५०

आज शाळा सुटताना आठवीतला तोच मुलगा आला, येनाचा झेंडा घेऊन रस्त्यापलीकडे गेलेला. म्हणाला, "सर, उद्या टेप आणा. ८४.०३ ला पण झेंडा लावायचाय." मी म्हटलं, तो सोलच्या अलीकडे येईल. तो म्हणाला, "हो, नऊ सेंटिमीटर. मोजलंय मी."